टायरला लाथ मारणारे

जुनी मोटारसायकल घेणाऱ्याला विकणारा फसवतो, हा एक गोड गैरसमज आहे. विकणाऱ्यावर तेवढे कष्ट घ्यायची वेळच येत नाही. घेणारा घरून निघतो तोच फसून निघतो. मॉडेल ठरलेलं, रंग ठरलेला, पैसे खिशात, आणि सोबतीला एक मित्र, ज्याला म्हणे 'गाड्यांतलं कळतं'.

हा मित्र मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे. आमच्या वसईत शेजारपाजारची पोरं गाडी बघायला निघाली की 'काका, तुम्ही पण चला' म्हणून मलाही मागे बसवून नेतात. त्यामुळे माणिकपूरपासून नालासोपाऱ्याच्या आचोळे रोडपर्यंत हा सोहळा मी अगदी जवळून बघितलाय. मित्र पहिल्यांदा टायरला लाथ मारतो. का मारतो ते त्याला ठाऊक नसतं. मग क्लच दाबून सोडतो, हॉर्न वाजवतो, टाकीवरून हात फिरवतो. सेल्फ मारून ॲक्सिलरेटर असा पिळतो की समोरच्या दुकानाच्या पायरीवरची कुत्री उठून जातात. मान तिरकी करून क्षणभर ऐकतो आणि निकाल देतो: 'इंजिन स्मूथ आहे.' झालं! पन्नास-साठ हजारांचा व्यवहार या तीन शब्दांवर होतो. नंतर गाडी बंद पडली की हाच मित्र म्हणतो, 'मी तुला तेव्हाच म्हटलं होतं.'

विकणाऱ्याला हा सगळा खेळ तोंडपाठ असतो. म्हणून टायरला काळं पॉलिश असतं, टाकीला वॅक्स असतं, सीटला नवं कव्हर असतं आणि हॉर्न तर नवाकोरा असतो. जिथे तुमचा हात लागणार, तिथेच त्याने पैसे घातलेले असतात. तुम्ही गाडी बघत नाही, त्याने दाखवायला ठेवलेली तेवढीच बघता आणि समाधानाने मान हलवता.

आता इंजिनचंच घ्या. गाडीजवळ गेल्यावर तोंड उघडायच्या आधी हाताची पालथी बाजू इंजिनजवळ न्यावी. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी कुणीतरी ती तापवून ठेवली आहे. सकाळी आठला गेलात तरी इंजिन गरम, आणि विकणारा म्हणणार, 'अभी सर्विसिंग से लाया, काका. गाडी एकदम मक्खन है.' मक्खन असेल, पण जुन्या इंजिनाचं खरं दुखणं रात्रभर उभं राहून थंड झाल्यावरच बाहेर पडतं. थंड गाडी किती किकांत सुरू होते, सुरू झाल्याबरोबर सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का, टायमिंग चेन सुरुवातीला खडखडते का, हे गरम इंजिनावर काही कळत नाही. सुरू करताना निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्हचे ऑइल सील गेलेत. ॲक्सिलरेटर दिल्यावर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, म्हणजे ब्लॉक-पिस्टनचा खर्च आला. पावसाळी सकाळी पांढरी वाफ आली तर घाबरायचं कारण नाही, ती विरून जाते. पण गरम गाडी दाखवणाऱ्याला 'उद्या सकाळी येतो, तोवर हात लावू नका' असं सांगायची हिंमत किती जणांत आहे? आपल्याला वाटतं, समोरच्याला राग येईल. येऊ द्या की! पैसे तुमचे आहेत.

पण वसईत गाडी घेताना ती किती चालली हा पहिला प्रश्नच नव्हे. किती बुडाली, हा पहिला प्रश्न.

२६ जुलै २००५ ला बुडालेल्या गाड्या आता भंगारात गेल्या असतील. जुलै २०१८ च्या मात्र अजून रस्त्यावर आहेत. तेव्हा नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी चढून लोकल थांबल्या, मिठागरातली माणसं अडकून पडली, वीज गेली. टीव्हीवाल्यांनी माणसं दाखवली, ते बरोबरच केलं. इमारतींखालच्या पार्किंगमध्ये सीटपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या गाड्या कोण दाखवणार? त्यानंतरही आमच्याकडे पाऊस लागला की एव्हरशाइन, वसंत नगरी, तुळींज, आचोळे ही नावं बातम्यांत येतातच. मिठागरांवर आणि खाजणांवर भराव टाकून गृहसंकुलं उठवली, पाण्याला जायला वाट ठेवली नाही, मग पाणी पार्किंगमध्ये मुक्कामाला येतं. त्यात बुडालेली गाडी मालक सुकवतो, मेकॅनिक ऑइल काढतो, वायरिंगला हवा मारतो, आणि दिवाळीआधी ती 'सिंगल ओनर, शोरूम कंडिशन' होऊन विकायला येते.

बुडालेली गाडी लगेच मरत नाही, तिथेच सगळी गोम आहे. पाणी एअर फिल्टरमधून आत जातं, सायलेन्सरमधून आत जातं. तशात कुणी अतिशहाण्याने सेल्फ मारला तर पिस्टनवरचं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ते झालं नाही, तरी चाकांच्या आणि चिमट्याच्या बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन जातं, वायरिंगच्या जोडांत ओल राहते. गाडी पुढे पाच-सहा महिने बरी चालते. मग एका रात्री कामणच्या अंधारात हेडलाइट जातो, किंवा चिंचोटीच्या चढावर इंजिन गप्प होतं. तोवर विकणाऱ्याने नंबर बदललेला असतो. गाडीचा नव्हे, मोबाइलचा.

हे ओळखायला इंजिनिअर लागत नाही, सीट काढायला सांगायचा निगरगट्टपणा लागतो. सीट काढा. खालचे बोल्ट बघा. वरून चकाकणाऱ्या गाडीचे सीटखालचे बोल्ट तांबूस गंजलेले असतील तर कारण विचारा. एअर फिल्टरचा डबा उघडा आणि कोपऱ्यांत बोट फिरवा. फिल्टर नवा घालता येतो, पण डब्याच्या कोपऱ्यातली बारीक राखाडी गाळाची रेघ काढायला कुणी बसत नाही. फ्यूजजवळचा एखादा जोड ओढून बघा, आतल्या पितळेवर हिरवट थर असेल तर पाणी आत येऊन गेलंय. मीटरच्या काचेच्या आतून धुकं धरलंय का ते बघा. डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ राखाडी निघालं तर चहा न घेता निघा. आणि अगदी ताजं, सोनेरी निघालं तरी हुरळून जाऊ नका. विकायला काढलेल्या गाडीत कुणी प्रेमापोटी ऑइल बदलत नाही. जुनं ऑइल काहीतरी सांगत होतं, म्हणून ते काढलं.

पश्चिम पट्ट्यातल्या गाड्यांची तऱ्हा वेगळी. रानगाव, भुईगाव, कळंब, अर्नाळा. तिथली गाडी पुरात बुडालेली नसते, पण खारा वारा तिला बारा महिने चाटत असतो. गंज खालून येतो. डबल स्टँडच्या खिळीजवळ, सायलेन्सरच्या सांध्यात, चेसिसच्या खालच्या नळीत, स्पोकच्या निपलांत. विकणाऱ्याकडे त्यावर शंभर-दीडशे रुपयांचा उपाय असतो, काळ्या रंगाचा स्प्रे. गाडीचं वय आठ वर्षं आणि पोटाखालचा रंग मात्र परवाचा, हे बघायला रस्त्यावर गुडघा टेकावा लागतो. इस्त्रीची पँट घालून गाडी बघायला आलेला माणूस गुडघा टेकत नाही. मी एकदा एका पोराला जबरदस्तीने खाली बसवलं आणि चेसिसच्या नळीवर नख ओढायला सांगितलं. रंगाचा पापुद्रा निघाला आणि त्याच्यामागून लोखंडही पापुद्र्यासारखंच निघालं. विकणारा शांतपणे म्हणाला, 'वो तो थोडा रहता ही है, समुंदर का हवा है ना.' म्हणजे समुद्र आमचा आणि भोक पण आमचंच.

मीटरबद्दल फार बोलत नाही. मीटरवरचा आकडा हा साहित्यप्रकार आहे, तो ललित म्हणून वाचावा. पूर्वी केबल काढून ठेवत, आता डिजिटल मीटर बदलतात किंवा आकडा मागे घेतात. फुटरेस्टचं रबर, गिअरच्या दांड्याचं टोक आणि हँडलच्या मुठी बघा, त्या खोटं बोलत नाहीत. आणि टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते वाचा. ३२१८ असेल तर तो टायर २०१८ च्या ३२ व्या आठवड्यात बनलाय. गाडी २०१९ ची, मीटरवर ९,००० किलोमीटर आणि दोन्ही टायर २०२३ चे. मग पहिले टायर काय उंदरांनी खाल्ले? एवढा एक प्रश्न विचारला तरी समोरच्याची किंमत खाली येते, आवाज त्याच्याआधी खाली येतो.

मॉडेलच्या सालाचंही तेच. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाडीला एबीएस सक्तीचं झालं. त्यामुळे कुणी दीडशे सीसीची गाडी '२०२० चं मॉडेल' म्हणून पुढे करत असेल आणि पुढच्या डिस्कजवळ एबीएसची भोकांची रिंग नसेल, तर एकतर साल खोटं आहे किंवा पुढचं चाक दुसऱ्या गाडीचं आहे. दुसऱ्या गाडीचं चाक पहिलीला का बसवावं लागलं, हे त्याच्या तोंडून ऐकावं, करमणूक होते. ठोकलेली गाडी टाकीच्या रंगावरून ओळखू नका, रंग नवा मिळतो. हँडल पूर्ण वळवून, ते जिथे चेसिसला टेकतं तो लोखंडाचा टेकू बघा. समोरून जोराची धडक बसली असेल तर तो चेपतो किंवा तुटतो, आणि तो नीट करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला, हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर अडकल्यासारखं झालं तर कोन सेट गेला. तो बदलता येतो, पैसे कापून घ्या. पण मागे उभं राहून पाहिल्यावर दोन्ही चाकं एका रेषेत नसतील तर पैसे कापून घेऊ नका, पाय लावून पळा. वाकलेली चेसिस सरळ करून देणारे भेटतात, पुढच्या वर्षी ती पुन्हा वाकते.

आता कागद. इथे आपले जाणकार मित्र एकदम आळसावतात, कारण कागदाला लाथ मारता येत नाही.

चेसिस नंबर बहुतेक गाड्यांवर हँडलच्या खाली, पुढच्या नळीच्या उजव्या बाजूला ठोकलेला असतो. तो वाचायचा नसतो, उतरवायचा असतो. चिंधीने ग्रीस पुसा, पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी फिरवा. नंबर कागदावर उमटतो, आणि त्याच्याबरोबर ठोकणाऱ्याचा हातही उमटतो. अक्षरांची खोली सारखी आहे का, ओळ सरळ आहे का, आजूबाजूला कानशीच्या रेघा आहेत का, डोळ्यांना नाही दिसलं ते कागदावर दिसतं. हल्लीच्या गाड्यांचा नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. क्यू दिसला तर ती गाडी कारखान्यातून नव्हे, कुणाच्या तरी पत्र्याच्या शेडमधून निघालीय. मग हा नंबर आणि इंजिनाचा नंबर आरसीवरच्या नंबरांशी ताडायचा, आणि आरसी एमपरिवहनवरच्या नोंदीशी. आरसी हातात आहे एवढ्यावर भुलू नका, प्लास्टिकचं कार्ड कुणीही छापून देतं.

चोरीची गाडी निघाली तर काय होतं, याची पोरांना कल्पना नसते. त्यांना वाटतं, 'मी तर पैसे देऊन घेतली.' १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम २७ सांगतं की, ज्याची स्वतःची मालकीच नाही, त्याला ती दुसऱ्याला देता येत नाही, मग गाडी किती का हातांतून जाईना. म्हणजे गाडी मूळ मालकाची, पैसे विकणाऱ्याचे, आणि तुमच्या वाट्याला पोलीस ठाण्याच्या फेऱ्या. माहीत असून घेतली असं ठरलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ वेगळं. बाजारात साठला असणारी गाडी तीसला मिळते तेव्हा 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य कुणी ऐकून घेत नाही, आणि ऐकूही नये.

महामार्गाच्या कृपेने आमच्याकडे वापी-वलसाडच्या जीजे १५ च्या आणि दमण-सिल्वासाच्या नंबरांच्या गाड्या स्वस्तात येतात. स्वस्त असतात कारण उरलेला खर्च तुमच्यासाठी राखून ठेवलेला असतो. परराज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिकडच्या कार्यालयाची एनओसी आणून, इथला कर भरून, एमएच ४८ करून घ्यावी लागते. एजंट म्हणतो, 'कोण विचारतो?' नाक्यावर विचारतात. तेव्हा तो तिथे नसतो.

त्याहून नेहमीची भानगड बँकेच्या बोज्याची. हप्ते फिटलेले असतात, पण आरसीवरून बँकेचं नाव काढायचं राहिलेलं असतं. मालकाला वाटतं, फिटलं की संपलं. फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आरटीओत जाईपर्यंत काही संपत नाही, आणि त्या पत्रालाही मुदत असते. थकलेल्या ई-चलनांची यादी तर गाडीच्या नंबरावर दोन मिनिटांत दिसते. ती विकणाऱ्यासमोर मोठ्याने वाचावी. विम्याचं ऐका: तृतीय पक्षाचा विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग विमा कंपनीत जाऊन नावावर करून घेतल्याशिवाय कामाला येत नाही. वसईत पुढच्या पावसात गाडी बुडाली की हे आठवतं.

आणि आता या धंद्यातल्या सगळ्यात लाडक्या वाक्याकडे येतो: 'फॉर्मवर सह्या करून देतो, नाव तुम्ही नंतर चढवा.'

फॉर्म २९ आणि ३०. विकणारा दोन्हींवर कोऱ्या सह्या मारतो, आधारची झेरॉक्स देतो आणि गंगेत घोडं न्हातं. घेणारा खूश, कारण बदलीचा खर्च आणि खेटे वाचले. दलाल खूश, कारण त्याला हीच गाडी चार महिन्यांनी तिसऱ्याला त्याच कोऱ्या सह्यांवर विकता येते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५० सांगतं की, राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं. इतकं सरळ कलम दुसरं नसेल, आणि इतकं सर्रास मोडलं जाणारंही नसेल. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात साफ सांगून टाकलं की, गाडी पुढे कितीही जणांना विकली असो, नोंदीवर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच डोक्यावर. तरी आमचे सुशिक्षित विकणारे कोऱ्या सह्या वाटत फिरतात, हळदीकुंकवाला वाण वाटावं तसे.

दलालांसाठीही नियम झाला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला नोंदणी कार्यालयाचं अधिकारपत्र लागू केलं. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याचं ऑनलाइन कळवायचं, आणि तिथून पुढे ती विकली जाईपर्यंत जबाबदारी विक्रेत्याची. अतिशय शहाणा नियम. 'अधिकारपत्र दाखवता का?' असं मी जिथे जिथे विचारलं, तिथे तिथे चहा मागवला गेला. चहा चांगला होता.

मी हे चिडून लिहितोय, कारण जुनी गाडी घेणारा प्रत्येक जण हौशी नसतो. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत पाळीने काम करणाऱ्याला रात्री सुटल्यावर घरी न्यायला बस नसते आणि रिक्षावाला तोंडाला येईल ते भाडं सांगतो. त्याने भिशीतून उचललेले पैसे असतात. त्याची गाडी बंद पडली तर त्या दिवसाचा पगार जातो. अशा माणसाबरोबर जाऊन टायरला लाथ मारणारा आणि 'घे रे, चांगली आहे' म्हणणारा मित्र मला दलालापेक्षा जास्त खुपतो. दलाल निदान पोटासाठी खोटं बोलतो. हा नुसता शान मारायला बोलतो. गॅरेजवाल्याला तीनशे-चारशे रुपये देऊन सोबत नेलं असतं तर भागलं असतं. पण गॅरेजवालाही तुमचा हवा, विकणाऱ्याने 'मेरा ही आदमी है, बहुत एक्सपर्ट है' म्हणून पुढे केलेला नको.

लाज ही खरी अडचण आहे. 'आपल्याच वाडीतला आहे', 'ओळखीचा आहे', 'एवढं काय बघायचं, विश्वास नाही का?' या शेवटच्या प्रश्नापुढे भलेभले गार होतात. विश्वास नाही, असं तोंडावर सांगता आलं पाहिजे. ज्याची गाडी धड आहे तो स्वतः सीट काढून देतो, सकाळी थंड गाडीवर बोलावतो, तुमच्याबरोबर आरटीओत येतो. ज्याला राग येतो, त्याच्या रागाचं कारण बहुतेक एअर फिल्टरच्या डब्यात सापडतं.

विकणाऱ्यांनी हसू नये, कोऱ्या सह्या त्यांच्याही अंगावर येतात. आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थाने आपली मोटारसायकल अशाच सह्यांवर विकली. त्याला बरीच वर्षं झाली, गाडी आता कुणाकडे आहे हे दलालालाही सांगता येत नाही. दंडाचे मेसेज मात्र नेमाने यांच्याच मोबाइलवर येतात, सिग्नल तोडला, हेल्मेट नाही, फोटोसकट. परवाच्या फोटोत चालवणाऱ्याचं तोंड दिसत नव्हतं, पण मागे घट्ट धरून बसलेली बाई स्पष्ट दिसत होती. ती कोण, हे गृहस्थ अजून घरी समजावून सांगताहेत. गाडी यांचीच आहे असं आरटीओची नोंद सांगते, आणि बायकोचंही तेच म्हणणं आहे.